मावळतीचं आकाश आणि गाडी एकाच फोटोत: अनेक एक्स्पोजर जोडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन गाडी घेतलेला नाशिककर पहिल्या आठवड्यातच ती घेऊन गंगापूरच्या बॅकवॉटरला नाहीतर त्र्यंबक रस्त्याला जातो. संध्याकाळी हौसेनं फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर आकाश सुंदर, पण गाडी काळीठिक्कर. नाहीतर गाडी छान आणि आकाश पांढरंफटक. यावरचा उपाय म्हणजे कॅमेरा न हलवता कमी-जास्त उजेडाच्या, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या, अनेक फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला चांगला भाग एका फोटोत आणायचा. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: गाडीवरचा उजेड त्याच आकाशातून आल्यासारखा दिसला, तर फोटो जमला. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

एकाच क्लिकमध्ये दोन्ही नीट का येत नाही? माझा कॅमेरा तर चांगला आहे.

सूर्याजवळचं आकाश आणि चाकाच्या कमानीखालची सावली यांच्या उजेडात प्रचंड अंतर असतं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, दोन म्हणजे चौपट, पाच म्हणजे बत्तीस पट. आजच्या चांगल्या सेन्सरची रेंज १२ ते १४ स्टॉप सांगतात आणि ती खरीही आहे, पण त्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे गडद, स्टॉपमध्ये रंगापेक्षा नॉइज (फोटोतले दाणे) जास्त असतो. आकाश सांभाळून एकच फ्रेम घेतली आणि नंतर गाडी उजळवली, तर दार दिसतं, पण मेटॅलिक रंगातली बारीक चमक त्या दाण्यांत हरवते. ग्रे किंवा गडद निळ्या गाडीवर हे लगेच कळतं.

किती वाजता पोहोचायचं?

सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी. नाशिकला नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासातच्या आसपास. पश्चिमेला डोंगर असले, तर अ‍ॅपवर दाखवलेल्या वेळेच्या काही मिनिटं आधीच सूर्य आड जातो, हे गृहीत धरा. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश लांबत नाही. कामाचा उजेड सूर्यास्तानंतर २२ ते २५ मिनिटं टिकतो. परदेशी व्हिडिओत लोक तासभर आरामात फोटो काढताना दिसतात. ते उत्तरेकडच्या देशांत शक्य आहे, इथे नाही.

त्या वेळाचे मी तीन भाग करतो. सूर्य टेकताना आकाशाची फ्रेम. मावळल्यावर पाच ते पंधरा मिनिटं गाडीच्या बॉडीची, कारण तेव्हा उजेड मऊ असतो आणि पत्र्यावर कुठेही कडक चकाकी येत नाही. त्यानंतर दिवे आणि लाइट पेंटिंग, म्हणजे शटर उघडं असताना हातातला दिवा गाडीवर फिरवणं.

कोणता महिना चांगला?

सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. पावसानं हवा धुतलेली असते, ढग शिल्लक असतात, डोंगर हिरवे असतात. डिसेंबर-जानेवारीत क्षितिजावर धुरकट थर असतो, रंग लालसर येतो, पण सूर्याचा गोळा खाली जाण्याआधीच विरघळल्यासारखा दिसतो. थंडीत काचेवर आणि लेन्सवर दव धरतं, तेव्हा कोरडं कापड खिशात ठेवा. मे महिन्यातलं कोरं आकाश मला फारसं आवडत नाही. ढग नसतील, तर अनेक एक्स्पोजर जोडूनही पदरात थोडंच पडतं.

आणखी एक: सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. नाशिकहून तो जूनच्या अखेरीस नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला जातो. म्हणजे पन्नास अंशांचा फरक. गंगापूरच्या बॅकवॉटरवरून हिवाळ्यात तो त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या बाजूला सरकलेला असतो. पावसाळ्यात हेरून ठेवलेली जागा हिवाळ्यात तशीच मिळेल असं समजू नका.

गाडी कशी उभी करायची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. गाडी म्हणजे आरसा. तिचा रंग आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब असतो. बॉनेट आणि छप्पर आकाश दाखवतात, दाराचा वरचा भाग तुमच्या मागचं आकाश दाखवतो आणि खालचा भाग जमीन. म्हणून कॅमेरा लावण्याआधी गाडीकडे पाठ करून उभे राहा आणि गाडीला काय दिसतंय ते बघा. तिथे पांढरी टपरी, होर्डिंग किंवा मित्राची बाइक असेल, तर ती दारावर उमटणारच. ती नंतर एडिटिंगमध्ये काढत बसण्यापेक्षा गाडी दोन मीटर पुढे घ्या.

गाडीच्या मागे सूर्य ठेवला, तर तुमच्याकडची बाजू पूर्वेचं आकाश दाखवते. मावळल्यावर काही मिनिटांतच पूर्वेला क्षितिजावर निळसर-करडा पट्टा उठतो, ती पृथ्वीची सावली, आणि त्याच्यावर गुलाबी झाक येते. मोकळ्या जागेत ही गुलाबी झाक थेट दारांच्या वरच्या रेषेवर उतरते. बहुतेक जण तेव्हा पश्चिमेकडे बघत असतात आणि गाडीवरचा हा रंग त्यांच्या नजरेतून सुटतो. मागे झाडी किंवा इमारत असेल, तर तो मिळतच नाही, म्हणून पूर्वेची बाजू मोकळी असलेली जागा शोधा.

चाक वळवताना रिम कॅमेऱ्याकडे दिसली पाहिजे, टायरची नक्षी नको. कॅमेरा हेडलॅम्पच्या उंचीवर ठेवा. थोडं मागे जाऊन ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स वापरा, जवळून वाइड लेन्सनं बंपर फुगतो. गाडी एकदा लावली की इंजिन बंद करा आणि सगळी कामं संपेपर्यंत कुणालाही आत बसू देऊ नका. माणूस आत-बाहेर झाला की सस्पेन्शन हलतं, गाडी काही मिलिमीटर वर-खाली होते आणि पुढच्या फ्रेम मागच्यांवर बसत नाहीत.

नाशिकमध्ये जागा कुठल्या?

गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या बाजूचा मोकळा माळ, आणि गिरणारे-गंगापूर पट्ट्यातले द्राक्षबागांमधले रस्ते. बाग आणि वायनरी खाजगी असतात. मालकाला विचारा. नीट विचारलं, तर शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत, पण छाटणीच्या किंवा फवारणीच्या दिवसांत रस्त्यात गाडी उभी करून त्यांचा ट्रॅक्टर अडवू नका. देवळालीचा लष्करी भाग पूर्ण टाळा. धरणाच्या भिंतीकडेही फिरकू नका, फोटो काढायचा तो बॅकवॉटरला.

बॅकवॉटरबद्दल दोन गोष्टी तळमळीनं सांगतो. पाणी ओसरल्यावर काठाला जो सपाट, भेगाळलेला गाळ दिसतो, तो वरून वाळलेला आणि आतून ओला असतो. माणूस चालतो म्हणून गाडीही जाईल असं नाही. प्रतिबिंबाच्या मोहानं अगदी पाण्यापर्यंत गाडी नेली की चाकं रुततात आणि अंधारात ट्रॅक्टर शोधावा लागतो. मुरमाच्या कडक पट्ट्यावरच थांबा. कॅमेरा जमिनीलगत नेला की मधला गाळ फ्रेममधून जवळपास नाहीसा होतो आणि पाणी गाडीला टेकल्यासारखं दिसतं. दुसरं, गाडी धरणाच्या पाण्यात किंवा काठावर धुऊ नका. नाशिक शहर हेच पाणी पितं. गाडी घरून धुऊन आणा आणि तिथे फक्त मायक्रोफायबरच्या कापडानं धूळ टिपा.

कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवायचं?

मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) एफ/८, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली). फोकस एकदा पुढच्या हेडलॅम्पवर धरून मॅन्युअल करून टाका. व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग) ऑटो ठेवू नका, डेलाइट धरा, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा आणि शटर टायमरनं किंवा रिमोटनं दाबा. फ्रेमगणिक बदलायचा तो फक्त शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. अ‍ॅपर्चर बदललं तर कुठवर स्पष्ट दिसतं तेही बदलतं आणि जोडताना कडा जुळत नाहीत.

किती फ्रेम लागतात?

पाच पुरतात, दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं. सूर्य क्षितिजाला टेकलेला आहे असं समजू. मग १/५००, १/१२५, १/३०, १/८ आणि १/२ सेकंद. ही एक सुरुवात आहे, त्या दिवशीचा उजेड बघून सगळी माळ पुढे-मागे सरकवा. सगळ्यात गडद फ्रेममध्ये सूर्याभोवतीचा भाग उडालेला नसावा आणि सगळ्यात उजळ फ्रेममध्ये टायरवरची अक्षरं वाचता यावीत. एवढं हिस्टोग्रामवर (फोटोतल्या गडद-उजळ भागांच्या आलेखावर) तपासा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका, कारण अंधारात ती उगाच उजळ भासते. दर पाच मिनिटांनी ही माळ पुन्हा घ्या. फुकटच असते.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असेल, तर लांब लेन्समधून सूर्याकडे बघू नका.

पोलरायझर लावावा का?

लावावा, पण लेन्सपुढचा हा फिरता फिल्टर काय करतो ते समजून. काच, पाणी आणि रंगवलेला पत्रा यांच्यावरचं प्रतिबिंब तो कमी करतो. क्रोम किंवा उघड्या धातूवर त्याचा परिणाम जवळपास नसतो. शिवाय तो एका वेळी एकाच कोनातल्या पृष्ठभागावर नीट चालतो. समोरची काच साफ करणाऱ्या कोनात दार चमकतं आणि दार साफ करणाऱ्या कोनात काच. म्हणून कॅमेरा तसाच ठेवून फिल्टर फिरवायचा आणि काचेसाठी एक, दारांसाठी एक अशा दोन जादा फ्रेम घ्यायच्या. फिरवताना फोकसची रिंग हलू नये म्हणून मी तिच्यावर टेपचा तुकडा लावतो.

सगळं प्रतिबिंब मात्र काढू नका. पूर्ण साफ केलेली गाडी निर्जीव दिसते, बॉडीच्या रेषा प्रतिबिंबामुळेच दिसतात. बाजूच्या आणि मागच्या टफन्ड काचांवर कधी कधी ठिपक्यांची नक्षी उमटते, ती काचेतल्या ताणाची असते. दिसली तर काचेसाठी दुसऱ्या कोनातली फ्रेम वापरा. फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, त्याप्रमाणे शटर वाढवा.

गाडीचे दिवे लावायचे का?

लावायचे, पण त्यांची फ्रेम वेगळी. लांब एक्स्पोजरमध्ये हेडलॅम्प चालू राहिले, तर पुढे पांढरा डाग पडतो. पार्किंग लॅम्प किंवा डीआरएल (दिवसा लागणारे पुढचे छोटे दिवे) पुरे. हेडलॅम्पच हवे असतील, तर एक गडद फ्रेम फक्त त्यांच्यासाठी घ्या. एलईडी दिवे प्रत्यक्षात वेगानं उघडझाप करत असतात, म्हणून १/५०० सारख्या जलद शटरला ते अर्धे विझलेले दिसू शकतात. १/३० किंवा त्याहून संथ शटर ठेवा.

लाइट पेंटिंग कसं करायचं?

सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, आकाश गडद निळं झाल्यावर. शटर १५ सेकंद, आयएसओ आणि अ‍ॅपर्चर तेच. काळे कपडे घाला आणि एलईडी ट्यूब किंवा कापडानं मऊ केलेला टॉर्च छपराच्या वर धरून गाडीच्या लांबीनं एकसारख्या वेगात चालत जा. उजेडाचं तोंड गाडीकडे, लेन्सकडे नाही. एका फ्रेममध्ये छप्पर, दुसरीत बाजू, तिसरीत चाकं. नंतर हे सगळे लेयर ‘लायटन’ मोडला टाकले की प्रत्येकातला फक्त उजळ भाग वर येतो आणि तुम्ही स्वतः दिसत नाही.

इथे हात आवरा. पश्चिमेला केशरी आकाश आणि गाडीवर वरून पांढरा झगझगीत उजेड, हे डोळ्यांत खुपतं. ट्यूबचा रंग कोमट ठेवा आणि ज्या बाजूनं आकाशाचा उजेड येतोय त्याच बाजूनं फिरवा.

घरी आल्यावर फ्रेम जोडायच्या कशा?

आधी सगळ्या रॉ फाइलना एकच व्हाइट बॅलन्स आणि एकच लेन्स करेक्शन लावा. मग फोटोशॉपमध्ये त्या लेयर म्हणून उघडा आणि ऑटो-अलाइन करा, ट्रायपॉड असला तरी. पुढचं काम मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) आणि मऊ ब्रशचं. वरचेच पाच आकडे आणि एक गडद एसयूव्ही घेऊन सांगतो.

आधार म्हणून १/३० ची फ्रेम तळाला. तिच्यात बॉनेट आणि छप्पर बरोबर असतात, कारण ते थेट आकाश दाखवतात. आकाश १/१२५ मधून घेतो. सूर्याच्या अगदी भोवतीचा थोडा भाग १/५०० मधून, तोही पूर्ण नाही, कारण तिथला झगमगाट घालवला तर सूर्य चिकटवल्यासारखा दिसतो. दारं १/८ मधून. बॉडीवर जी ठळक रेषा समोरच्या फेंडरपासून मागच्या दिव्यापर्यंत जाते, तिच्या वर ब्रश हलका आणि खाली थोडा भरीव. १/२ ची फ्रेम फक्त टायर, रिमच्या आतला भाग आणि गाडीखालच्या जमिनीसाठी, ३० ते ४० टक्के अपॅसिटीनं, म्हणजे अर्धपारदर्शक. गाडीखाली सावली राहिलीच पाहिजे, नाहीतर गाडी जमिनीवर टेकलेली वाटत नाही.

सगळ्यात जिकिरीची जागा म्हणजे छपराची कड, जिथे गाडी आकाशाला भिडते. मऊ ब्रश तिथे आकाशात शिरतो आणि गाडीभोवती पांढरट वलय तयार होतं. छप्पर आणि काचांची कड पेन टूलनं नीट कापून मास्क बनवा आणि त्याला एक-दोन पिक्सेलपुरताच मऊपणा द्या. ढगांच्या भागात याची गरज नाही, तिथे ल्युमिनॉसिटी मास्क (उजळपणावरून आपोआप बनणारा मास्क) छान बसतो. २०० टक्के झूम करून ती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घ्या.

रंगाचंही तसंच. सावलीतली बाजू थोडी निळसर असते आणि ती तशीच असायला हवी. सगळी गाडी केशरी केली तर सूर्य नेमका कुठे आहे तेच कळत नाही.

एवढं करण्यापेक्षा ऑटो एचडीआर मर्ज का नको?

एचडीआर मर्जमध्ये सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम आपोआप जोडतं. निसर्गदृश्याला तो बऱ्याचदा पुरतो. गाडीला मात्र तो प्रतिबिंब आणि पत्रा यांत फरक करत नाही. बॉनेटवरचं आकाश दाबतो, सावल्या उचलतो आणि गाडी सपाट होते. वेळ नसेल, तर मर्ज करून घ्या आणि फक्त गाडीवर हातानं काम करा, हा मधला मार्ग वाईट नाही.

फोटोशॉप परवडत नाही.

जिम्प घ्या, मोफत आहे. त्यात लेयर, मास्क आणि ‘लायटन ओन्ली’ मोड सगळं आहे. फ्रेम जुळवायला ह्युगिन आणि एकत्र करायला एन्फ्यूज, हेही मोफत. एन्फ्यूज ज्या पद्धतीवर उभं आहे ती एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत २००७ साली मेर्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यात प्रत्येक फ्रेममधले नीट उजळलेले, रंग आणि कॉन्ट्रास्ट असलेले पिक्सेल जास्त वजन देऊन मिसळले जातात. रॉ फाइलसाठी डार्कटेबल आहे.

ढग सरकले, पाणी हललं, झाड वाऱ्यानं हललं, तर?

हलणारी प्रत्येक गोष्ट एकाच फ्रेममधून घ्या. ढग दोन फ्रेममधून मिसळलेत की दुहेरी कडा येतात.

मोबाइलवर जमेल का?

जमेल, आणि मोबाइल हे काम आधीपासून करतोच. बटण दाबलं की तो झटपट अनेक फ्रेम घेऊन त्या आपोआप एकत्र करतो. अडचण एवढीच की कुठे किती उजेड हवा हे तो ठरवतो. स्वतः ठरवायचं असेल, तर मोबाइल स्टँडवर लावा, प्रो मोडमध्ये आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स पक्के करा, रॉ चालू करा आणि शटर बदलत तीन फ्रेम घ्या. मुख्य लेन्स गाडीला वाइड पडते, २एक्सवर जाऊन मागे सरका.

दसऱ्याच्या पूजेनंतर गाडीला हार आहे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आहे, लिंबू-मिरची आहे. काढू का?

ठेवा. झेंडूचा हार मावळतीच्या उजेडात फार देखणा दिसतो आणि काही वर्षांनी घरच्यांना तोच फोटो प्यारा वाटेल. हार वाऱ्यानं हलतो, म्हणून तो एकाच फ्रेममधून घ्या, शटर शक्यतो १/६० पेक्षा जलद. कुंकू बॉनेटवर पसरलेलं असेल, तर ओल्या कापडानं कड नीट करा, पण कोरड्या कापडानं घासू नका, रंगावर ओरखडे येतात. सीटवरचं प्लॅस्टिक मात्र काढा, काचेतून ते पांढरं चमकतं.

ही फसवणूक नाही का?

नाही. फ्रान्समधल्या गुस्ताव ले ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना हाच प्रश्न सोडवला होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला इतक्या संवेदनशील होत्या की आकाश उडून जायचं, म्हणून त्यांनी काही चित्रांत आकाश आणि समुद्र वेगवेगळ्या निगेटिव्हमधून छापले. माझी मर्यादा मी त्यांच्यापेक्षा घट्ट ठेवतो: एकच जागा, एकच संध्याकाळ, त्या अर्ध्या-पाऊण तासातला उजेड. दुसऱ्या दिवशीचं आकाश आणून लावलं, तर गाडीवरचं प्रतिबिंब त्याच्याशी जुळत नाही आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं.

जुनी गाडी विकायची आहे. असा फोटो जाहिरातीत टाकू का?

पहिला फोटो म्हणून टाका, पण सोबत दिवसाउजेडी काढलेले साधे फोटो द्या, पोचे आणि ओरखडे दिसतील असे. पोलरायझर आणि मास्कनं पत्र्यावरचे दोष सहज झाकले जातात. घेणाऱ्याचे कष्टाचे पैसे असतात, तिथे ही कला वापरू नये.

ड्रोननं वरून काढता येईल का?

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या ड्रोन-नकाशावर ती जागा तपासा. नाशिकजवळ देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमानतळ दोन्ही आहेत, त्यामुळे बऱ्याच भागात निर्बंध आहेत. तंत्राच्या दृष्टीनं ड्रोन हवेत हलतो, म्हणून एक्स्पोजरमधलं अंतर कमी ठेवा, फ्रेम पटापट घ्या आणि नंतर जुळवून कडा कापा. लाइट पेंटिंगच्या फ्रेम ड्रोनवरून जुळवत बसू नका.

फ्रेम करून भिंतीवर लावायचा आहे. काय बघायचं?

१२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयनं ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरतो. स्क्रीनची ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पुन्हा बघा, कारण कागद स्वतःहून उजळत नाही आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या टायरच्या सावल्या प्रिंटमध्ये काळ्या होतात. आधी ४ बाय ६ चा एक नमुना काढून घ्या आणि तो ज्या भिंतीवर लावणार तिथल्याच उजेडात धरून बघा. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब नेमकं बॉनेटवर पडतं.